बायोलॉजी घेतली म्हणजे फक्त 'नीट' नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीच्या निकालानंतर आलेली आपली करिअर पुरवणी आमच्या दुकानाच्या काउंटरवर आठवडाभर फिरली. पेरणीच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, आणि बियाण्याची बॅग हाती येईपर्यंत जो तो पेपर चाळतो. बायोलॉजीवाल्या पोरांसाठी पुरवणीत अर्धं पान होतं. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, नर्सिंग, फार्मसी आणि तळाशी 'बी.एस्सी. अ‍ॅग्री करून स्पर्धा परीक्षेची तयारी'. झाडांचा अभ्यास करून कोणी पोट भरतं, नाव काढतं, याचा त्या पानावर मागमूस नाही.

माझी पुतणी अमरावतीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय बॉटनी. लग्नकार्यात पाहुणे तिला हमखास विचारतात, "बॉटनी? मंग बी.एड. करशील का?" तिने पुरवणी वाचली, घडी घालून परत ठेवली आणि म्हणाली, "काका, यात मी कुठंच नाही." म्हणून हे पत्र. दुकानातली गर्दी सोडून लिहितोय, थोडं लांबेल.

आधी वावरातली गोष्ट सांगतो. गेल्या हंगामात दसऱ्याच्या आसपास एक वयस्कर कास्तकार पोत्यात गुंडाळून सोयाबीनची दोन झाडं घेऊन आले. एक वाळलेलं, पानं झडलेली, शेंगा खुळखुळणाऱ्या. दुसरं हिरवंगार, कमरेला लागेल एवढं उंच, वरच्या शेंड्याला अजून कोवळी पानं. "भाऊ, हे पाह्य बरं. एकाच दिवशी पेरलं, एकाच बॅगचं. सारं वावर सोंगाले आलं, अन् रस्त्याकडचं हे काहून हिरवंच हाय? पिकवाचं काही औषध असंन तर दे." दुकानदाराला अशा वेळी रॅककडे हात करायला फार विचार लागत नाही. टॉनिक आहे, पोटॅश आहे, बुरशीनाशक आहे, आणि समोर माणूस पैसे काढून उभा आहे. पण झाडावर रोगाचं लक्षण नव्हतं. मोझॅक रोगाचा पिवळेपणा नाही, मूळ चांगलं, खोड पोखरलेलं नाही. पुतणी सुट्टीला आलेली होती. तिने एकच विचारलं, "आजोबा, तिथं लाइटचा खांब आहे का?"

होता. फाट्यावर बसथांब्याजवळ नवा हायमास्ट लागलेला, आणि त्याच्या पायथ्याशी या आजोबांचा धुरा, म्हणजे वावराचा बांध. संध्याकाळी आम्ही जाऊन पाहिलं. दिवे लागले तसा उजेड वावरात पडला, आणि जिथवर उजेड तिथवर सोयाबीन हिरवं. खांबाजवळ अगदी गर्द, तिथून आत जावं तसं पिवळट, आणि मग एकदम वाळलेलं. कोणी परकार ठेवून अर्धवर्तुळ काढावं इतकी साफ कड होती. पुतणी तासांमधून, म्हणजे पिकाच्या ओळींमधून, चालत प्रत्येक ओळीतलं एकेक झाड हाताने वाकवून शेंगा पाहत गेली. खांबाजवळच्या झाडांवर पाला रगड, शेंगा थोड्या, आणि त्यातल्या कित्येक चपट्या. आजोबा मागून म्हणत होते, "म्हणजे याले लाइट बाधला?"

लाइट बाधला, हे खरंच. सोयाबीनला फुलावर यायला लांब रात्र लागते. पान रात्र मोजतं. रात्र पुरेशी लांब झाली की झाड समजतं, आता फुलायचं. रात्रभर डोक्यावर दिवा असला तर रात्र झालीच नाही असा त्याचा समज होतो आणि ते नुसतं वाढत राहतं. शेवंतीवाले हेच मुद्दाम करतात. फूल ठरावीक सणाला यावं म्हणून रात्री बल्ब लावून कळी लांबवतात. आजोबांच्या बाबतीत ते फुकटात झालं, तेही नको त्या पिकात. वर हिरव्या शेंगा थ्रेशरमध्ये गेल्या की मालात ओल येते, आणि खरेदीत १२ टक्क्यांच्या वर ओल निघाली की तोंड पाडून परत यावं लागतं.

हे ज्ञान काही कालचं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोघे शास्त्रज्ञ शंभर वर्षांपूर्वी याच सोयाबीनमुळे चक्रावले होते. 'बिलॉक्सी' नावाचं वाण त्यांनी काही काही दिवसांच्या अंतराने पेरलं. मागेपुढे पेरलेलं सोयाबीन मागेपुढेच फुलेल अशी अपेक्षा. सगळं जवळपास एकाच सुमारास, सप्टेंबरात फुललं. तंबाखूचं एक वाण तर उन्हाळाभर ताडमाड वाढायचं, फुलायचं नावच नाही. ऊन, पाणी, खत, सगळं तपासून झाल्यावर त्यांनी एक अंधारी खोली उभारली, कुंड्या गाड्यावर ठेवून दुपारीच आत ढकलू लागले, आणि भर उन्हाळ्यात झाडं फुलली. १९२० मध्ये त्यांनी ते छापलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी दाखवून दिलं की झाड दिवसापेक्षा रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मध्यात थोडा वेळ दिवा लावला तरी सगळा हिशेब बिघडतो. त्यांनी हे पाहिलं ते कशावर, तर आपल्याकडे नाल्याकाठी माजतं आणि बकऱ्यांच्या केसांत ज्याची काटेरी बोंडं अडकतात त्या तणावर. हा उजेड ओळखणारा पानातला पदार्थ, फायटोक्रोम, १९५९ मध्ये मेरीलँडमधल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी प्रयोगशाळेत सापडला. तांबडा उजेड पडला की तो एका रूपात जातो, तांबड्याच्याही पलीकडचा, आपल्या डोळ्याला जेमतेम दिसणारा उजेड पडला की परत पहिल्या रूपात येतो.

आता झाडांचा अभ्यास करून नाव काढलेल्या एका बाईंबद्दल. जोअ‍ॅन कोरी. १९५५ चा जन्म, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला, घराणं लेबनॉनी वंशाचं. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी त्या गेल्या, तेव्हा आपल्याकडच्या एकाही पेपरात दोन ओळी माझ्या पाहण्यात आल्या नाहीत. त्यांची डॉक्टरेट झाडांवर नव्हतीच, सूक्ष्मजीवांवर होती. त्यानंतर हार्वर्डमध्ये आल्या आणि मोहरीच्या कुळातल्या एका वीतभर तणाच्या मागे लागल्या. अ‍ॅराबिडॉप्सिस त्याचं नाव. खायला कामाचं नाही, विकायला कामाचं नाही. पण बी पेरल्यापासून बी हाती येईपर्यंत दीड महिना, आणि एवढ्याशा ताटलीत ढीगभर रोपं. संशोधकाला दुसरं काय पाहिजे?

त्यांचा प्रश्न आपल्या घरातला आहे. नवरात्रात देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यात घट बसवतो, त्यातलं धान पिवळं, लांबसडक, लुसलुशीत येतं. तेच धान अंगणात पेरलं तर बुटकं आणि हिरवं. बी तेच, माती तीच. अंधारातल्या रोपाला वाटतं आपण अजून मातीखाली आहोत, म्हणून सगळी शिदोरी ते उंची गाठण्यात घालवतं. उजेड दिसला की पान उघडायचं, असा त्याचा बेत. तो बेत चालवतं कोण? कोरीबाईंनी काय केलं, बियांमध्ये रसायनाने बदल घडवले, त्या अंधारात उगवल्या, आणि त्या गर्दीत एखादं रोप अंधारातही उजेडात असल्यासारखं वागतं का, हे शोधत बसल्या. बुटकं खोड, उघडलेली पानं, दिवा नसताना. असं रोप मिळालं आणि १९८९ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं. त्यातून कळलं ते उलटंच होतं. उजेडातलं वागणं रोपाच्या अंगात आधीपासूनच असतं, अंधारात ते दाबून धरलेलं असतं. दाबणारं जनुक मोडलं की रोप काळोखातच पानं पसरून बसतं.

असंच दुसरं एक रोप होतं, खुजं, गर्द. त्याच्यात नेमकं काय बिघडलंय हे कळायला आणखी काही वर्षं गेली. १९९६ मध्ये उत्तर आलं: या रोपाला एक स्टेरॉइड बनवता येत नाही. बिघडलेलं जनुक ज्या एन्झाइमचं, त्याचा जुळा माणसाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनवर काम करतो. बाहेरून ते स्टेरॉइड दिलं की खुजं रोप वाढायला लागायचं. झाडांनाही वाढायला स्वतःचं स्टेरॉइड लागतं, हे तिथे पक्कं झालं.

आणि इथे गोष्ट माझ्या दुकानात येते. टॉनिकांच्या रॅकमध्ये एक लहानशी बाटली असते. पुढे मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव आणि डोलणाऱ्या पिकाचं चित्र, मागे मुंगीएवढ्या अक्षरात 'होमोब्रासिनोलाइड ०.०४ टक्के'. हे त्याच घराण्यातलं स्टेरॉइड. या घराण्यातला मूळ पदार्थ १९७९ मध्ये पहिल्यांदा वेगळा केला गेला, तो मधमाश्यांनी मोहरीवर्गी पिकावरून गोळा केलेल्या परागकणांतून. २२७ किलो पराग, आणि त्यातून निघाला ४ मिलिग्रॅम माल. आमच्या भाषेत सोयाबीनच्या साडेसात बॅगा चाळायच्या आणि हाती चिमूटसुद्धा येऊ नये. कास्तकार ती बाटली घेताना विचारतात, "यानं फुटवा येते का?" मी सांगतो, वेळेवर आणि मापात फवारलं तर उपयोग आहे, दिव्याखालच्या सोयाबीनला पिकवायला नाही. पुतणीने लेबल वाचलं त्या दिवसापासून ती त्या बाटलीला 'कोरीबाई' म्हणते. गिऱ्हाइकासमोर म्हणू नको, असं तिला बजावून ठेवलंय.

दुकानाच्या कामाचं आणखी एक. दरवर्षी जूनमध्ये माझं आणि गिऱ्हाइकांचं बियाण्याच्या मापावरून वाजतं. एकरी ३० किलोची शिफारस आहे, पण "उगोलं नाही तर?" म्हणून हात सैल सुटतो. दाट पेरलेलं सोयाबीन बारीक खोडाचं, उंच होतं आणि पहिल्या जोराच्या पावसात लोळतं. आम्ही म्हणायचो, जागेसाठी भांडतात. भांडण होतंच, पण ते खतापाण्याच्या आधी उजेडावरून सुरू होतं. हिरवं पान तांबडा उजेड गिळतं आणि तांबड्यापलीकडचा उजेड परत फेकतं. शेजारच्या झाडावरून आलेला तो उजेड फायटोक्रोमला कळतो, आणि अंगावर सावली पडायच्या आधीच झाडाला शेजाऱ्याची चाहूल लागते. मग ते सगळी ताकद खोड ताणण्यात घालतं. ही चाहूल लागल्यावर झाड ऑक्झिन हे संप्रेरक झपाट्याने कोणत्या वाटेने तयार करतं, ते २००८ मध्ये कोरीबाईंच्याच प्रयोगशाळेने दाखवलं. हे मी काउंटरवर सांगितलं तर दहापैकी आठ जण हसतात. दोन जण माप पाळतात.

बाईंना २००४ मध्ये पार्किन्सनचं निदान झालं. हात थरथरायचे, बोलणं अडायचं, पण प्रयोगशाळा त्यांनी सोडली नाही. २०१८ मध्ये तीस लाख डॉलरचं ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं. उतारवयात त्यांनी नवंच काम अंगावर घेतलं. झाडांच्या मुळांत बुचासारखा सहजी न कुजणारा पदार्थ जास्त साठावा आणि हवेतला कार्बन मातीत मुरून राहावा, यासाठी २०१९ मध्ये साडेतीन कोटी डॉलरहून जास्त निधी उभा झाला. ते आमच्या काळ्या जमिनीत कधी उतरेल, मला शंका आहे. मोठ्या घोषणा आम्ही बऱ्याच पाहिल्या. पण त्या खुज्या रोपाच्या कामाबद्दल शंका घ्यायला जागा नाही, ते तर माझ्या रॅकवर उभं आहे.

कोणी म्हणेल, हे सगळं अमेरिकेत. तर आपल्याकडचं सांगतो. दिल्ली विद्यापीठाचे जितेंद्र पॉल खुराणा तरुणपणी मिशिगनला होते. उजेडाकडे न वळणारी रोपं त्यांनी आणि तिथले संशोधक केनेथ पॉफ यांनी शोधून काढली आणि १९८९ मध्ये छापली. त्यातल्या एका वाणाच्या नावात खुराणांच्या नावाची आद्याक्षरं आहेत, जेके-२२४. झाड खिडकीकडे वळतं ते कोणत्या प्रथिनामुळे, याचा माग काढताना विन्स्लो ब्रिग्ज यांच्यासारख्या नामांकित संशोधकाला हे रोप कामी आलं. खुराणा नंतर दिल्लीला परतले आणि तिथेच त्यांनी विद्यार्थी घडवले.

आणि विदर्भाला हे शास्त्र कशाला पाहिजे, असं विचारणाऱ्याला मी एकच नाव सांगतो: ब्राझील. सोयाबीनचा भाव पडला की चौकात पहिलं नाव त्याचंच निघतं. पण ब्राझीलच्या उष्ण पट्ट्यात पूर्वी सोयाबीन होतच नव्हतं. तिथे उन्हाळ्यातही रात्र बऱ्यापैकी लांब, त्यामुळे झाड वीतभर झालं नाही तोच फुलायचं आणि चार शेंगांवर संपायचं. त्यांच्या सरकारी संशोधकांनी आंबट जमिनी चुन्याने सुधारल्या, आणि लांब रात्र असली तरी लवकर न फुलणारी, आधी अंग धरणारी वाणं पैदा केली. रात्रीचं गणित सुटलं आणि आज जगात सर्वांत जास्त सोयाबीन ब्राझील पिकवतो. आपल्या बाजार समितीतल्या भावावर ज्याचा असर पडतो ते शास्त्र आपल्या पोरांच्या करिअरच्या यादीत नसावं, हे मला पटत नाही.

आता खरंही सांगतो, नाहीतर पुतणी माझ्यावर चिडेल. ही वाट सोपी नाही. बी.एस्सी.नंतर एम.एस्सी., मग पीएच.डी.ची पाच-सहा वर्षं, त्यानंतरही पक्की नोकरी मिळेलच असं नाही. आपल्याकडच्या कॉलेजांत नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा पास झालेली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतात, आणि त्यांच्या मानधनाबद्दल न बोललेलं बरं. पण स्पर्धा परीक्षेची वाट तरी कुठे सोपी आहे? गावागावातली पोरं पुण्याला अभ्यासिकेत वर्षं काढतात, बाप इकडे तूर विकून मेसचे पैसे पाठवतो. सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर संशोधनाच्या पहिल्या दिवसापासून महिन्याला ३७ हजार रुपये आणि वर घरभाडं मिळतं. हा आकडा मी दुकानात सांगितला तेव्हा एका बापाने कॅल्क्युलेटर मागितला होता.

संस्थाही फार लांब नाहीत. पुण्याला आणि भोपाळला आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्था, आहेत, बारावीनंतर थेट प्रवेश परीक्षा देता येते. बी.एस्सी.वाल्यांना जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करता येते. सोयाबीनची राष्ट्रीय संस्था इंदूरला, कापसाची आणि लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आपल्या नागपुरात. अकोल्याचं कृषी विद्यापीठ तर घरचंच, मीही तिथूनच अ‍ॅग्री केलं. आमच्या बॅचमधले बरेच जण बँकेत आणि महसुलात गेले, काही माझ्यासारखे दुकानात बसले. झाडाकडे पाहत बसण्याचा पगार मिळतो, हे आम्हाला त्या वयात कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा विनंती अशी. पुढच्या पुरवणीत एक पान या मुलांसाठी ठेवा. आयसर, जॅम, नेट यांचे अर्ज कधी निघतात, फी किती, वसतिगृह आहे का, एवढं छापलं तरी खूप. आणि इंदूर-नागपूरच्या एखाद्या संशोधकाची मुलाखत घ्या. सकाळी प्रयोगशाळेत जाऊन तो दिवसभर करतो तरी काय, हे सविस्तर विचारा. खेड्यातल्या आईबापाला तेच कळत नाही आणि तिथेच पोरीचं शिक्षण अडतं.

फाट्यावरच्या हायमास्टचा विषय ग्रामसभेत मांडला आहे. दिवा काढा असं कोणी म्हणत नाही, रात्री तिथे एसटीतून बाया-पोरी उतरतात. वावराकडच्या बाजूला पत्र्याचं झाकण बसवा, आणि शेवटची गाडी गेल्यावर निदान जुलै ते सप्टेंबर तेवढा एक दिवा बंद ठेवा, एवढंच मागणं आहे. झाकणाचा खर्च कोणी करायचा यावर सध्या घोडं अडलंय.

पुतणी या खरिपात आजोबांच्या वावरात खांबापासून आत एकेका ओळीला पाटी लावणार आहे. कोणत्या ओळीत पहिलं फूल कधी दिसलं, शेंगा किती भरल्या, ते लिहिणार आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या धुऱ्यावर असा दिवा आहे त्यांनीही वाण, पेरणीची तारीख आणि दिव्याजवळच्या व लांबच्या झाडाला पहिलं फूल आल्याची तारीख एका कागदावर लिहून आपल्या कार्यालयाकडे पाठवावी, असं आवाहन आपण छापाल का? जांभळं नाहीतर पांढरं, बारीक फूल असतं, पानाच्या बेचक्यात लपलेलं. वाकून पाहावं लागतं.

आपला,
एक कृषी सेवा केंद्र चालक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ